आधी घड्याळ, मग फळा, मेनूकार्ड शेवटी: गोव्यातल्या गल्लीतल्या खानावळी आणि बार

गोव्यात बाहेर जेवून जे लोक नाराज होतात, त्यांतले बहुतेक चुकीच्या वेळी पोहोचलेले असतात. खानावळ बरी असते, आचारीही तोच असतो. पण सव्वातीनला हुमणाचं, म्हणजे माशाच्या कढीचं, पातेलं तळाला लागलेलं असतं, सुक्या कोळंबीची किसमूर संपलेली असते आणि मालक शटर अर्ध्यावर ओढून स्वतः जेवायला बसलेला असतो. त्या वेळी जे ताटात येतं ते सकाळी तळून ठेवलेला बांगडा आणि फ्रीजमधली कढी. तेव्हा पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा किंवा वास्को, कुठेही असा, पहिला प्रश्न ‘कुठे’ हा नाही, ‘किती वाजता’ हा आहे.

दिवस असा वाटून घ्या. सकाळी साडेसात ते दहा भाजी-पाव. दुपारी साडेबारा ते दोन शीतकडी, म्हणजे माशाची थाळी. तीन ते चारपर्यंत गाव झोपलेलं असतं, त्या वेळी हट्टाने काही शोधू नका. चार-साडेचारला चहा, भजी, बन्स. संध्याकाळी सातनंतर ऑम्लेटचे गाडे आणि बार. रात्री साडेदहाच्या सुमारास गल्लीतल्या बारचं स्वयंपाकघर आवरायला घेतात. किनारपट्टीवरची उशिरापर्यंत चालणारी ठिकाणं वेगळी, त्यांचा हिशेब इथे नको.

घड्याळाइतकंच कॅलेंडरही पाहा. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात ‘ताजं इसवण’ असं कोणी म्हणालं तर ते बहुधा बर्फातून आलेलं असतं. इसवण म्हणजे आपली सुरमई. पावसात शहाणा माणूस नदीचा आणि खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीतला, मासा मागतो: शेवटो, चणक, मानशीवर (बांधाच्या दारावर) पकडलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी. किंवा सरळ सुक्या माशावर येतो, कारण पावसाळ्यात खाऱ्या बांगड्याला आणि किसमुरीला जी चव येते ती डिसेंबरात येत नाही. बांगडा, तारले हे पाऊस सरल्यावर मागवा. चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या दिवसांत हिंदू खानावळी सरसकट बंद मिळतात. ख्रिस्ती वस्तीतली बरीच ठिकाणं गुड फ्रायडेला आणि नाताळच्या दिवशी बंद असतात.

सकाळ: भाजी-पाव

पणजीत कॅफे भोसले आणि कॅफे ताटो ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, पण असं एक तरी कॅफे प्रत्येक बाजाराजवळ असतं. आत शिरल्यावर मेनू मागत बसू नका. भिंतीवरच्या फळ्यावर भाज्या लिहिलेल्या असतात: पातळ भाजी, सुकी भाजी, चणा, टोमॅटो, कधी अळमी (मशरूम). नवख्याने ‘मिक्स’ म्हणावं. एका बशीत सुकी बटाटा भाजी आणि वर पातळ भाजीचा रस येतो. दोन्हींचा अंदाज आला की पुढच्या वेळी आपलं आपण ठरवता येतं.

पाव कोणता, हेही सांगावं लागतं. न सांगितल्यास कात्रो किंवा साधा मऊ पाव येतो आणि तो रसात दोन मिनिटांत विरघळतो. रसभाजीला उंडो घ्या. त्याची साल टणक असल्यामुळे बुडवून धरला तरी तुटून वाटीत पडत नाही. पोळी, म्हणजे कोंडा लावलेला आतून पोकळ पाव, भरून खाण्यासाठी: आत चोरीस, म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, किंवा ऑम्लेट. (मराठी माणसाने इथे ‘पोळी’ मागितली आणि पाव आला, हा घोळ रोजचा आहे. गव्हाची हवी असेल तर ‘चपाती’ म्हणा.) पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आणि पुन्हा दुपारी उशिरा फिरतो, म्हणून सकाळी आठचा आणि संध्याकाळी पाचचा पाव ताजा. दुपारी एकचा पाव चिवट होतो, त्यावर इलाज नाही.

बन्स हा केळं घातलेला, किंचित गोड, पुरीसारखा तळलेला प्रकार. भाजीबरोबर एकच घ्या. दोन घेतले तर दुपारची थाळी वाया जाते.

दुपार: थाळी नीट कशी मागवावी

साधी खानावळ ओळखायची खूण सोपी आहे. साडेबाराला आत कोण बसलंय ते बघा. बँकेतले, कोर्टातले, बाजारातले लोक एकेकटे बसून खाली मान घालून जेवत असतील तर आत जा. टेबल वाटून घ्यावं लागतं. अनोळखी माणसासमोर बसायला संकोच करू नका, तो तुमच्याकडे बघणारही नाही.

बसण्याआधी काउंटरवर एकच वाक्य विचारा: ‘आयज नुस्तें कितें आसा?’ आज मासा कोणता आहे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत विचारलं तरी सगळ्यांना कळतं, पण कोंकणीत विचारल्यावर उत्तर लांबलचक येतं. समोरच्याला ‘दादा’ किंवा ‘बाब’ म्हणा, बाई असतील तर ‘बाय’. ख्रिस्ती वस्तीत वयस्क मालकिणीला सगळे ‘आंटी’च म्हणतात आणि बारमालकाला ‘पात्रांव’. ‘भैया’ मात्र नको.

फळ्यावर सहसा दोन-तीन दर असतात: फिश थाळी, इसवण थाळी, स्पेशल. साध्या थाळीत तळलेला मासा बांगडा, मोडसो किंवा तारलो असतो, आणि तोच घ्यावा असं आमचं मत. इसवणाचा जादा दर देऊन येते ती एक पातळ काप, अर्ध्या बोटाएवढी जाड. तव्यावर ती चटकन कोरडी पडते. तेवढ्याच पैशांत साधी थाळी आणि तिसऱ्यांचं सुकं वेगळं मागवलं तर जेवण दुप्पट चांगलं होतं. साध्या ठिकाणी थाळी साधारण दीडशे ते तीनशे रुपयांत येते, इसवण-पापलेटाचा दर त्याहून वर.

ताट येण्याआधी भात सांगा. ‘उकडें शीत’ म्हटलं नाही तर पांढरा भात येतो. हुमण हे घट्टसर, नारळाचं. उकड्या तांदळाचा जाड दाणा ते पेलून धरतो, पांढरा भात त्याचा चिखल करतो. भात आणि हुमण बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतं, तळलेला मासा आणि सुकं मिळत नाही. सोलकढीची दुसरी वाटी कुठे फुकट, कुठे दहा-वीस रुपये. म्हणून आधी विचारावं.

आता हुमणाबद्दल दोन शब्द, कारण सावंतवाडी-कुडाळकडून येणाऱ्यांची इथे फसगत होते. मालवणी सारात भाजलेल्या मसाल्याचा वास पुढे असतो. गोव्याच्या हुमणात ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद कच्चंच वाटतात. आंबटाला चिंच, सोलं (आमसुलं) किंवा हंगामात कैरी. त्यामुळे पहिल्या घासाला ते ‘सपक’ वाटतं. मीठ मागू नका, किसमूर मिसळा. किसमूर म्हणजे भाजलेली सुकी सुंगटं, खोबरं, कांदा, तिखट. मीठ आणि खमंगपणा तिच्यातून यायचा असतो. हुमणात काळपट, सुरकुतलेलं, मिरीपेक्षा मोठं फळ दिसलं तर ते तेफळ. तिकडचं तिरफळ. बांगडा, तारलो अशा तेलकट माशाचा उग्रपणा ते मारतं, पण ते चावायचं नसतं: दाताखाली आलं तर जीभ पाच मिनिटं बधिर राहते. काढून ताटाच्या कडेला ठेवा. सुंगटांच्या हुमणात तेफळ सहसा नसतं, तिथे कांदा आणि आंबाडे किंवा कैरी.

खायचा क्रमही असतो. रवा लावलेला मासा आल्याबरोबर संपवा, कारण वाफेने रवा पाच मिनिटांत मऊ पडतो आणि सालीपासून सुटतो. मग हुमण-भात, मध्ये तिसऱ्या. सोलकढी सगळ्यात शेवटी, थोडी भातावर आणि उरलेली पिऊन. सोलकढीचा रंग नीट बघा. सोलांची खरी कढी मळकट जांभळट-गुलाबी असते, वाटी दोन मिनिटं ठेवली की वर नारळाच्या दुधाचा थर वेगळा दिसू लागतो आणि घशाला किंचित तुरट लागते. भडक गुलाबी, एकसंध आणि गोडसर असेल तर ती बाटलीतली. अशी कढी आली की त्या खानावळीत बाकीचंही जरा जपूनच मागवावं.

शाकाहाऱ्यांसाठी शब्द एकच: ‘शिवराक’. पण तेवढं पुरत नाही. गोव्यात भेंडी, दोडकी अशा भाज्यांत सुकी किंवा ओली सुंगटं घालण्याची पद्धत जुनी आहे, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ती तरीही ‘भाजी’च असते. ‘भाजयेंत सुंगटां आसात?’ हे वेगळं विचारा. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी तर किसमूर आधीच ‘नाका’ म्हणून सांगावी आणि तवा एकच असतो हे गृहीत धरावं. उलट बाजूने एक फायदा: सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत मासा नसतो, त्यामुळे त्या दिवशीची शिवराक थाळी मनापासून केलेली असते. तोंडाक (कडधान्याची नारळातली आमटी), मुगांची गाठी (मोड आलेल्या मुगांची), नशीब असेल तर खतखतें (मिश्र भाज्यांचं). श्रावणात तर फोंड्याच्या बाजूला हेच जेवण शोधत जावं.

अख्खा मासा वजनावर घेताना

काही ठिकाणी परातीत बर्फावर मासे मांडून आणतात आणि मेनूत दराच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं. बिलाचे वाद होतात ते इथेच, तेव्हा पायरीपायरीने जा.

आधी मासा बघा. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा. आत गेलेला, दुधाळ डोळा म्हणजे शिळा. कल्ला उचलायला सांगा, लाल किंवा गडद गुलाबी हवा, तपकिरी नको. बोटाने पाठ दाबा: खड्डा लगेच भरून आला पाहिजे. कापलेल्या इसवणाची परीक्षा वेगळी, मधल्या काट्याभोवतीचं रक्त लाल असावं आणि मांसाची चकती काट्यापासून सुटलेली नसावी.

मग दर विचारा, आणि तो किलोचा, शंभर ग्रॅमचा की नगाचा, हे स्पष्ट करून घ्या. समोर वजन करायला लावा. हे वजन न साफ केलेल्या माशाचं असतं. डोकं, आतडी, खवले गेल्यावर साधारण तिसरा हिस्सा कमी होतो. म्हणजे सातशे ग्रॅमच्या चणकातून खाण्याजोगं साडेचारशे ग्रॅमच्या आसपास उरतं, भाताबरोबर दोघांना ते पुरे. चणक म्हणजे जिताडा, त्याचा काटा मोठा, मुलांबरोबर असाल तर हाच घ्यावा. तांबसोही चालेल. मोडसो चवीला गोड असतो, पण काटे बारीक.

शेवटी कसा करायचा ते ठरवा. जाड माशाला रवा लावू नका. रवा करपतो तेव्हा आतलं मांस अजून कच्चंच असतं, मग आचारी तो पुन्हा तेलात टाकतो आणि बाहेरून दगड होतो. रवा फ्राय पातळ कापांना, लेपोला (चपटा मासा), माणकीच्या (स्क्विडच्या) चकत्यांना. बांगड्याला रेशाद: सुकी मिरची, लसूण, जिरं, मिरी शिरक्यात वाटलेला लाल मसाला पाठीतल्या चिरेत भरतात. शिरक्याचा आंबटपणा बांगड्याच्या तेलाला बरोबर कापतो. मोठ्या चणकाला काप देऊन रेशाद लावायला सांगा आणि मंद तव्यावर झाकण ठेवून करा म्हणा. वीस-पंचवीस मिनिटं लागतील. दहा मिनिटांत आला तर काट्याजवळ उघडून बघा.

शिरक्याचं स्वयंपाकघर

पणजीतलं फोंताइन्यास, साळगाव, साष्टी तालुका, अशा ठिकाणच्या ख्रिस्ती खानावळींची भाषा वेगळी. इथे आंबटपणा माडाच्या शिरक्यातून येतो आणि बहुतेक पदार्थ दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, त्यामुळे ‘कालचं आहे का’ हा इथे अपमानाचा प्रश्न नाही. सोरपोतेल मुरलेलंच मागावं. ते डुकराचं, आत काळीज वगैरे असतं. सोबत इडलीसारखी सान्नां घ्या, पाव नको.

काय कशात असतं ते माहीत असलेलं बरं. चोरीस, विंदालू, सोरपोतेल, फेजुआद: डुकराचं. फेजुआदमध्ये राजम्यासारखी कडधान्यं दिसतात म्हणून शाकाहारी मंडळी फसतात. क्रोकेट, चॉप, ‘रोस्ट’ आणि बेकरीतलं पॅटिस: विचारल्याशिवाय खाऊ नका, बहुधा बीफ. विंदालू बाहेर चिकनचंही मिळतं. आंबोट-तिक मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, त्यात नारळ नाही, नुसतं तिखट आणि आंबट. बालचांव ही भाजी समजून वाटीभर मागवू नका, ते लोणच्याच्या जवळचं आहे. चौघांत एक पुरतं. काफ्रियल हिरव्या वाटणातलं कोंबडीचं. साळगावचं फ्लोरेन्टाइन त्यासाठीच ओळखलं जातं. काफ्रियल रसाचं आलं तर आचाऱ्याने घाई केली असं समजा, वाटण तव्यावर आटून मांसाला चिकटलेलं हवं. शाकुती मालवणी कोंबडी-रशाची चुलत बहीण वाटेल, फक्त जायफळ-जायपत्रीचा वास जास्त.

दोघांनी काय मागवावं? एक काफ्रियल किंवा शाकुती, एक माशाची कढी-भात, चार पाव. तिसरी डिश मागवण्याचा मोह होतो, ती निम्मी उरते. गोड म्हणून सेरादुरा हलका, बेबिंका जड.

संध्याकाळ: गाडो

सातनंतर नाक्यावर गाडे लागतात. रस ऑम्लेट म्हणजे दोन अंड्यांचं ऑम्लेट, त्यावर शाकुतीचा रस, कच्चा कांदा, लिंबू, सोबत पाव. गाडेवाला रस थेट ऑम्लेटवर ओततो आणि तुम्ही जागा शोधेपर्यंत ऑम्लेटचा स्पंज होतो. ‘रोस वेगळो दी’ म्हणा. रस आठ-साडेआठला सर्वांत चांगला असतो. उघडल्या उघडल्या पातळ, दहानंतर आटून खारट. अंडं न खाणाऱ्यांना काही गाड्यांवर चण्याचा रस मिळतो.

तावेर्न आणि बार

गल्लीतली तावेर्न ही हॉटेलसारखी निवांत बसायची जागा नाही. तीन-चार बाकडी, एक काउंटर, भिंतीवर कपाट. सकाळी थोडा वेळ उघडी, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा. गिऱ्हाईक येतं, एक-दोन ग्लास घेतं, चार गोष्टी बोलतं, जातं. पणजीत फोंताइन्यासमधला जोजेफ बार याच जातीचा, फक्त आता तिथे गर्दी रस्त्यावर येते. सहा-सातजणांचा घोळका घेऊन अशा ठिकाणी जाऊ नका. दोघं जा, काउंटरवर जागा मिळेल.

पहिल्यांदा काय घ्यायचं ते महिन्यावर ठरतं. मार्च ते मे: उर्राक. काजूच्या बोंडाच्या आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, साधारण १५ टक्के. तीच पुन्हा रसाबरोबर भाटीवर चढवली की फेणीकडे जाते; बाटलीबंद फेणीच्या लेबलवर बहुधा ४२.८ टक्के असतं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक टिकत नाही, पावसाच्या तोंडाशी तिचा वास उडतो, तेव्हा सप्टेंबरात कुणी ‘उर्राक आहे’ म्हणालं तर नम्रपणे बिअर घ्या.

उर्राकचा ग्लास असा करतात: उंच ग्लासात बर्फ, ६० ते ९० मिली उर्राक, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, लिंबाची फोड, वर लिम्का. मिरची चिरलेली हवी पण ठेचलेली नको, नाहीतर दुसऱ्या घोटापासून फक्त तिखट लागतं. सरबतासारखी लागते म्हणून लोक झपाझप पितात आणि उन्हात अंदाज चुकतो. हिशेब करून बघा: ९० मिली उर्राकमध्ये साडेतेरा मिली अल्कोहोल, ३० मिली फेणीत जवळपास तेरा. ३३० मिलीच्या पाच टक्क्यांच्या बिअरमध्ये साडेसोळा. म्हणजे उर्राकचे तीन ग्लास हे ‘नुसतं सरबत’ नाही, अडीच बिअर आहेत.

फेणी ३० मिलीनेच सुरू करा. सोडा किंवा लिम्का चौपट, लिंबू, थोडं मीठ. कोलात घालणाऱ्यांना कुणी अडवत नाही, पण मग फेणी कशाला घेतली? परीक्षा करायची तर दोन थेंब तळहातावर चोळा. चोळल्यावर पिकलेल्या बोंडाचा वास राहिला पाहिजे. नुसता स्पिरिटचा झणका येऊन उडून गेला तर भेसळीचा संशय घ्या. काजूचा उग्रपणा सोसवत नसेल तर दक्षिणेकडे माडाची फेणी मागा, ती सौम्य. काही तावेर्नांत दुकशिरी मिळते, अनंतमुळाची मुळं मुरवलेली फेणी; ती बाटली काउंटरवर दिसली तर अर्धा पेग चाखून बघा.

बार-रेस्टॉरंटात पेग समोर मोजून घ्या. स्मॉल ३० मिली, लार्ज ६०. तिघं असतील आणि एकच दारू घेणार असतील तर १८० मिलीची सीलबंद क्वार्टर मागवा: तीन लार्ज पेग होतात, माप चुकायचा प्रश्न राहत नाही. ‘चकणा’ आपसूक येतो तो शेंगदाणे किंवा चणे. चिली फ्राय, तारले, चोरीस सांगावं लागतं. चोरीस मुळात खारट आणि तिखट, दारूबरोबर तहान वाढवतं, पाण्याची बाटली जवळ ठेवा. रिकाम्या पोटी तावेर्नमध्ये बसायचं नाही, हा नियम तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांचा आहे, आमचा नाही.

निवडणुकीच्या मतदान आणि मतमोजणीच्या सुमारास ड्राय डे असतो. आणि बाटली उचलून किनाऱ्यावर जाण्याचा बेत असेल तर तो सोडा: पर्यटनस्थळी उघड्यावर पिणं किंवा स्वयंपाक करणं यासाठी दंड आहे; २०१९ च्या दुरुस्तीत तो एकट्याला २,००० आणि घोळक्याला १०,००० रुपये होता, २०२५ मध्ये कायदा आणखी कडक झाला.

बिल

बिल आलं की तीन ओळी बघा. जेवणावर जीएसटी ५ टक्के, तो अडीच-अडीच असा दोन भागांत दिसतो. दारू जीएसटीबाहेर आहे. म्हणजे जेवण ६०० आणि बिअर ३०० असेल तर जीएसटी ३० रुपये, ४५ नाही. छोट्या बारमध्ये सगळ्या रकमेवर कर लागलेला अधूनमधून दिसतो, बहुतेकदा संगणकात पदार्थ चुकीच्या खात्यात टाकलेला असतो. दाखवलं की सुधारतात. दारू न विकणारी लहान खानावळ जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत असेल तर तिला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही, आणि तसं बिलावर छापलेलं असावं लागतं.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती सूचना उचलून धरली. ‘हा काढा’ एवढंच म्हणा. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून मात्र भांडू नका. बसून खाण्याच्या ठिकाणी तसं घेता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. साधं पाणी मागा, ते फुकट असतं. थाळीच्या खानावळीत टीप म्हणून दहा-वीस रुपये ठेवतात. यूपीआय जवळपास सगळीकडे चालतं, पण जुन्या जाड भिंतींच्या तावेर्नात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पाचशे रुपये सुट्टे खिशात असू द्या.

परतताना

इथली चूक महागात पडते, म्हणून जेवायला निघण्याआधीच परतीचं ठरवा. शहरांमधल्या बसगाड्या संध्याकाळी आठनंतर विरळ होत जातात. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलचा पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा, दिवसा उत्तम, रात्री क्वचित. टॅक्सीचा दर बसण्याआधी ठरवा किंवा गोवा माइल्स या ॲपवर बघून ठेवा. पिऊन गाडी चालवणं: १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन लार्ज पेगनंतर आपण त्या मर्यादेत आहोत असं मानणारे बरेच असतात, आणि पुलाच्या तोंडाशी नाकाबंदीत तेच सापडतात.

बांदा, सावंतवाडी, कुडाळकडे परतणाऱ्यांसाठी आणखी एक. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं हा गुन्हा आहे, मग ती एक बाटली का असेना, आणि इन्सुलीच्या चेकपोस्टवर डिकी उघडायला लावतात. फेणी उरलीच तर इकडच्या नातेवाइकाकडे ठेवा. सोबत न्यायला सोलं, तेफळं आणि किसमुरीसाठी सुकी सुंगटं घ्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तिन्ही एका फेरीत मिळतात. सुंगटं मात्र दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर गाडीला आठवडाभर वास राहतो.